टॉर्नेडो आणि घर

आपल्या माळरानावर चैत्र-वैशाखात उठणारी वावटळ तापलेल्या जमिनीची; टॉर्नेडो हा वादळी मेघातून जमिनीपर्यंत पोचलेला भोवरा. अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानांत त्याची वर्दी मिळते ती थोड्या मिनिटांची. म्हणून कोणी कोठे धावायचे, हे आम्ही म्हणू, आकाश निरभ्र असतानाच घरात ठरले पाहिजे.

तळघर असल्यास उत्तम. नसल्यास सर्वांत खालच्या मजल्यावरची, घराच्या मधली, बिनखिडकीची लहान खोली. मग ते न्हाणीघर का असेना. बूट, विजेरी आणि बॅटरीवरचा रेडिओ तेथे आधीच असावेत. डोके गादीखाली घ्यावे, कारण मुख्य घात करतात त्या उडत्या फळ्या, विटा आणि काचा. चाकांवरची घरे मात्र वेळीच सोडावीत.

खिडक्या उघडल्याने आतबाहेरचा दाब सारखा होऊन घर वाचते, असा तिकडे जुना समज होता. वस्तुतः आत शिरलेला वाराच छप्पर उचलायला मदत करतो; शिवाय मोलाची मिनिटे खिडक्यांपाशी जातात ती वेगळीच!

२२ मे २०११ रोजी मिझुरी राज्यातील जॉप्लिन शहरात भोंगे आधी वाजले होते. तरी दीडशेहून अधिक माणसे दगावली. पुढील चौकशीत दिसले, की भोंग्यांची सवय झालेले अनेक लोक दुसऱ्या एखाद्या खुणेसाठी थांबले. कोणी रेडिओ लावला, कोणी आकाश पाहायला बाहेर आले. आपणही बहुधा हेच केले असते. त्या दिवशी भोवरा पावसाच्या पडद्याआड होता. कित्येकांना तो दिसलाच नाही.