आधी विचारलं होतं का?

इनबॉक्स तुमचा, वेळ तुमचा, डोकंही तुमचंच! मग तिथे कोणी यायचं आणि कोणी नाही, हे ठरवायचं कोणी? जगभरातले स्पॅमविरोधी कायदे गेली वीस-बावीस वर्षं याच एका प्रश्नाभोवती फिरताहेत.

सोमवार सकाळ. लोकलमध्ये चेपून, घामाघूम होऊन तुम्ही कसेबसे ऑफिसात पोचता. चहाचा पहिला घोट घेत मेलबॉक्स उघडता. ८६ नव्या मेल्स! बॉसची एक, क्लायंटच्या दोन, 'फॉर्म आजच भरा' म्हणून एचआरची एक. आणि उरलेल्या ८२? 'प्री-अप्रूव्ह्ड' पर्सनल लोन, स्टेशनपासून 'फक्त पाच मिनिटांवर' असलेला टू बीएचके, दहा दिवसांत दहा किलो वजन उतरवणारा चहा आणि कुठल्याशा देशातल्या दिवंगत मंत्र्याची विधवा, जिला तिची सगळी इस्टेट नेमकी तुमच्याच खात्यात टाकायची आहे. तुम्ही सराईतपणे डिलीट, डिलीट, डिलीट करत सुटता.

यात नुकसान ते काय, असं वाटतं ना? मलाही तसंच वाटायचं. मग माझ्या पुण्याच्या मैत्रिणीचा किस्सा घडला.

एका मॉलमध्ये कारच्या लकी ड्रॉचं कूपन तिने हौसेनं भरलं. नाव, मोबाइल, ईमेल आयडी, सगळं. कार लागली नाही, मेल्स मात्र लागल्या. रोजच्या तीस-चाळीस! वैतागून तिने स्वतःच एक फिल्टर लावला. सब्जेक्टमध्ये 'ऑफर' किंवा 'अपॉर्च्युनिटी' दिसलं, की मेल थेट स्पॅममध्ये. दोन महिन्यांनी ती नोकरी शोधायला लागली. एका चांगल्या कंपनीत पहिली फेरी झकास झाली आणि मग नुसतीच शांतता. नऊ दिवसांनी सहज म्हणून तिने स्पॅम फोल्डर उघडला. दुसऱ्या फेरीचं बोलावणं तिथे पडलं होतं. सब्जेक्टमध्ये अर्थातच 'अपॉर्च्युनिटी'! तिने फोन केला तोवर जागा भरली होती.

एका कूपनची एवढी किंमत? आणि मुख्य म्हणजे, तिचा पत्ता पुढे चाळीस जणांना वाटायची परवानगी कोणी, कोणाला दिली होती?

सुरुवात झाली एका निमंत्रणाने

गोष्ट जुनी आहे. ३ मे १९७८. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर तेव्हा मोजकेच लोक होते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कॉम्प्युटर कंपनीच्या मार्केटिंगमधल्या गॅरी थर्क यांनी त्यातल्या सुमारे ४०० जणांना एकच मेल धाडली. 'आमचं नवं मशीन पाहायला या.' लोक जाम भडकले. पण काहींनी मशीन विकतही घेतलं. स्पॅमचं सगळं भविष्य त्या एका मेलमध्ये होतं. चिडणारे पुष्कळ, घेणारे थोडे आणि पाठवणाऱ्याचा फायदाच फायदा!

हे गणित किती टोकाला जातं, ते २००८ मध्ये कळलं. बर्कली आणि सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठांतल्या संशोधकांनी स्पॅम पाठवणाऱ्या एका मोठ्या जाळ्यात शिरून मोजदाद केली. सुमारे ३५ कोटी मेल्स, २६ दिवस. गिऱ्हाइकं किती? फक्त २८! त्यातलं एक सोडून बाकी सगळे 'पुरुषी ताकदी'च्या गोळ्यांच्या मागे.

३५ कोटी पोस्टकार्डं पाठवायची तर तिकिटांतच दिवाळं निघालं असतं. इथे मात्र पाठवणाऱ्याचा खर्च जवळपास शून्य. भुर्दंड पडतो तो सर्व्हर चालवणाऱ्याला आणि मेल उघडणाऱ्या तुम्हा-आम्हाला. म्हणून तर कायदा लागतो.

अमेरिका म्हणते, 'नको' तुम्ही म्हणा

अमेरिकेने कॅन-स्पॅम नावाचा कायदा केला. १६ डिसेंबर २००३ रोजी जॉर्ज बुश यांची सही झाली आणि १ जानेवारी २००४ पासून तो लागू झाला. मेल कोणाकडून आली हे खरं सांगा, सब्जेक्टमध्ये थापा मारू नका, टपालाचा खरा पत्ता द्या, 'अनसबस्क्राइब'ची सोय ठेवा आणि कोणी नको म्हटलं, तर कामाच्या दहा दिवसांत त्याचं नाव यादीतून काढा. आज तिथे एकेका बेकायदा मेलमागे ५० हजार डॉलर्सहून जास्त दंड होऊ शकतो.

ऐकायला छान. पण एक ग्यानबाची मेख आहे. पहिली मेल पाठवायला परवानगी लागतच नाही! आधी कोणीही दार वाजवायचं, मग 'नको बाबा' म्हणायचं काम तुमचं. हजार कंपन्यांनी दार वाजवलं, तर हजार वेळा तुम्हीच उठायचं. टीकाकारांनी या कायद्याचं लगेच बारसं केलं, 'यू कॅन स्पॅम', म्हणजे खुशाल पाठवा! कॅलिफोर्नियाने 'आधी परवानगी घ्या' असा कडक कायदा केला होता. तोही त्याच १ जानेवारीपासून लागू व्हायचा होता. केंद्राच्या कायद्याने तो येण्याआधीच गुंडाळला. त्याच जानेवारीत दावोसला बिल गेट्स यांनी सांगून टाकलं, की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटलेला असेल. पुढचं तुम्ही जाणताच!

युरोप म्हणतो, आधी विचारा

युरोपियन युनियनने २००२ च्या निर्देशात नेमकं उलटं केलं. एखाद्या व्यक्तीला जाहिरातीची मेल पाठवायची, तर तिची संमती आधी हवी. सवलत एकच. गिऱ्हाइकाने तुमच्याकडून काही घेताना पत्ता दिला असेल, तर तशाच मालाबद्दल मेल चालेल. पण प्रत्येक वेळी 'नको' म्हणायची सोय द्यायची. ऑस्ट्रेलियाचा २००३ चा कायदा तीन शब्दांत मावतो. संमती, ओळख, अनसबस्क्राइब. कॅनडाचा कायदा १ जुलै २०१४ पासून लागू झाला आणि तिथे कंपनीला एक कोटी कॅनेडियन डॉलर्सपर्यंत दंड आहे.

मग तिकडे स्पॅम बंद झालं का? छे! ज्याला पकडलं जायची भीती आहे, तोच कायदा पाळतो. बँका, दुकानं, विमान कंपन्या सुतासारख्या सरळ येतात. दुसऱ्याच्या देशातले हजारो व्हायरसग्रस्त कॉम्प्युटर वापरून मेल सोडणाऱ्याला कोणत्या कोर्टात खेचणार? तिथे वेगळीच माणसं कामाला लागतात. ११ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातल्या मकोलो या होस्टिंग कंपनीचं इंटरनेट कनेक्शनच तोडलं गेलं. स्पॅमच्या जाळ्यांचे सूत्रधार सर्व्हर तिथे होते. जगातलं निम्म्याहून जास्त स्पॅम एका झटक्यात थांबलं! काही महिन्यांत ते परतलंही, पण नाक कुठे दाबायचं ते कळलं. २०११ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं, की स्पॅममधून विकल्या जाणाऱ्या औषधं, नकली घड्याळं आणि सॉफ्टवेअरपैकी ९५ टक्के मालाचे पैसे मोजक्या बँकांतूनच फिरत होते.

आणि आपण?

आता आपल्या घरात डोकावू. आपला आयटी अ‍ॅक्ट २००० सालचा. त्यात स्पॅमचं नाव नव्हतं. २००८ च्या दुरुस्तीने ६६-अ हे कलम आलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये लागू झालं. त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून ईमेल पाठवणं, मेल कुठून आली याबद्दल फसवणं हा त्यात गुन्हा होता आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. वाटलं, चला, स्पॅमवाल्यांचा बंदोबस्त झाला!

झालं भलतंच. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्याबद्दल फेसबुकवर लिहिल्यामुळे पालघरच्या एका मुलीला अटक झाली आणि ते 'लाइक' केल्यामुळे तिच्या मैत्रिणीलाही. अटकेच्या कारणांत हेच ६६-अ! देशभर गदारोळ झाला, दोघींवरचा खटला मागे पडला, पण कलम तसंच राहिलं. शेवटी कायद्याची विद्यार्थिनी असलेल्या श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी ते पूर्णपणे रद्द केलं. 'त्रास' म्हणजे नेमकं काय? एकाला ज्याचा त्रास होतो, ते दुसऱ्याचं मत असू शकतं. असल्या मोघम शब्दावर कोणाला तुरुंगात टाकता येत नाही.

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्जिनियातही हेच घडलं होतं. तिथे २००४ मध्ये जेरेमी जेन्स या बड्या स्पॅमरला दोषी ठरवून पुढे नऊ वर्षांची शिक्षा झाली. २००८ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला. कारण तो फक्त जाहिरातींपुरता नव्हता. नाव लपवून राजकीय किंवा धार्मिक मेल्स पाठवणाराही त्यात अडकला असता. धडा एकच. कायदा 'त्रासा'बद्दल नको, 'परवानगी'बद्दल हवा.

फोनच्या बाबतीत आपण हे शिकलोय. ट्रायने २००७ मध्ये नकोशा कॉल्सविरुद्ध नियम केले, १९०९ नंबरवर नोंदणीची सोय झाली आणि २०१८ च्या नियमांनी एसएमएस पाठवणाऱ्या कंपन्यांना, त्यांच्या मजकुराला आणि गिऱ्हाइकाच्या संमतीला नोंदणीच्या चौकटीत आणलं. पण हे सगळं कॉल आणि एसएमएसपुरतं. ईमेलला हे नियम लागू नाहीत. म्हणजे एकच लोनवाला एसएमएस करताना नियमात आणि मेल करताना मोकाट!

आशा आहे ती डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्ट, २०२३ कडून. हा स्पॅमविरोधी कायदा नव्हे, पण बरोबर मुळावर बोट ठेवतो. तुमची माहिती ज्या कामासाठी घेतली, त्याच कामासाठी वापरायची. संमती स्पष्ट हवी आणि ती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीबद्दलची मुख्य कलमं लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. लकी ड्रॉचं कूपन घेऊन यादी विकणाऱ्याला त्यानंतर उत्तर द्यावं लागेल. अर्थात तक्रार करणारे निघाले तरच!

तोवर खरी राखण इंजिनिअर मंडळीच करताहेत. मेलमधल्या शब्दांवरून स्पॅमची शक्यता मोजणाऱ्या फिल्टरची कल्पना पॉल ग्रॅहम यांच्या २००२ च्या एका लेखाने लोकप्रिय केली. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना दम भरला. मेल खरंच तुमचीच आहे हे सिद्ध करा, एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब द्या आणि दोन दिवसांत नाव काढा. अमेरिकेचा कायदा दहा दिवस देतो, या कंपन्या दोन! फिल्टर कितीही हुशार झाला, तरी तो अंदाजच करतो. आणि अंदाज चुकला, की नोकरीचं बोलावणं लोनच्या जाहिरातींखाली गाडलं जातं.

माझ्या मैत्रिणीला चार महिन्यांनी दुसरी नोकरी लागली. परवा आम्ही दोघी शॉपिंगला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलाने सवयीने विचारलं, "मॅडम, ईमेल आयडी?" ती शांतपणे म्हणाली, "कशासाठी हवाय?" तो गोंधळून तिच्याकडे बघतच राहिला. हा प्रश्न त्याला बहुधा कोणी विचारलाच नव्हता. मग हळूच म्हणाला, "नाही दिला तरी चालतो, मॅडम."

एवढं कराच!

- ओळखीच्या कंपनीच्या मेलवर बिनधास्त 'अनसबस्क्राइब' करा. अनोळखी मेलमधल्या लिंकला मात्र हात लावू नका, नुसतं 'रिपोर्ट स्पॅम' करा.
- शॉपिंग, कूपनं आणि लकी ड्रॉसाठी वेगळा आयडी ठेवा. बँक आणि नोकरीचा आयडी तिथे नको.
- ऑनलाइन फॉर्मवर आधीच टिक केलेले चौकोन शोधा आणि काढून टाका.
- नोकरी शोधताय? स्पॅम फोल्डर रोज एकदा चाळा. मोघम शब्दांवर फिल्टर लावू नका.
- मेलच्या नादात पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.