हँडहेल्ड टर्मिनलवरील बिनतारी जोडणी

हँडहेल्ड टर्मिनल म्हणजे हातात धरून चालवायचा छोटा संगणक. गोदामातील मालाची मोजणी, पार्सल पोहोचल्याची नोंद, दुकानातील बारकोड वाचणे अशा कामांसाठी तो वापरला जातो. त्यावर टिपलेली नोंद वाय-फायच्या जाळ्यातून मुख्य संगणकाकडे जाते. ही जोडणी करताना टर्मिनल आणि ॲक्सेस पॉइंट या दोन्ही बाजूंच्या तरतुदी तंतोतंत जुळाव्या लागतात.

प्रथम जाळ्याचे नाव (एसएसआयडी) निवडले जाते. ते ३२ बाइटपर्यंतचे असते आणि त्यात रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे भिन्न मानली जातात. नाव लपवलेले असल्यास ते हाताने भरावे लागते. नाव लपवल्याने जाळे सुरक्षित होते, हा समज मात्र फसवा आहे. अशा वेळी टर्मिनलच ते नाव वारंवार पुकारत राहते आणि ऐकणाऱ्याला ते सहज कळते.

सुरक्षाप्रकार

१९९७ च्या मूळ ८०२.११ मानकात वेप ही कूटलेखन पद्धत होती. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी तिच्यातील गंभीर उणीव दाखवून दिली. २००३ मध्ये आलेली डब्ल्यूपीए ही तात्पुरती सोय होती. जुन्याच यंत्रांवर केवळ सॉफ्टवेअर बदलून ती चालावी, अशी तिची आखणी होती. पुढे २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आली. टर्मिनल पडले तरी फुटू नये अशा बेताने घडवलेले असते, त्यामुळे विंडोज सीई प्रणालीवरील जुनी टर्मिनलेही दीर्घकाळ वापरात राहिली. हा टिकाऊपणाच येथे अडचणीचा ठरतो, कारण अशा मोजक्या यंत्रांसाठी संपूर्ण जाळे दुबळ्या पद्धतीवर ठेवले जाते. त्यापेक्षा जुन्या टर्मिनलांसाठी स्वतंत्र जाळे काढून त्यातून आवश्यक त्या सर्व्हरपर्यंतच वाट मोकळी ठेवणे श्रेयस्कर.

सामाईक परवलीचा शब्द ८ ते ६३ अक्षरांचा असतो. मोठ्या आस्थापनांत त्याऐवजी डिजिटल प्रमाणपत्रे वापरतात. तेथे एक साधी गोष्ट वारंवार घात करते. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही टर्मिनलांचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. त्या तारखेला प्रमाणपत्राची मुदत सुरूच झालेली नसल्याने टर्मिनल ते नाकारते. परवलीचा शब्द पुन्हापुन्हा तपासला जातो, दोष मात्र दिनांकात असतो.

पत्ता आणि फिरती

जाळ्यात प्रवेश मिळाल्यावर टर्मिनलला आयपी पत्ता लागतो. तो बहुधा डीएचसीपी सेवेकडून आपोआप मिळतो. विंडोज सीईवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसल्यास ही सेवा पोहोचलेली नाही असे समजावे. अँड्रॉइड १० पासून यंत्र आपला मॅक पत्ताही सहसा बदलून सांगते. ठरावीक मॅक पत्त्यांनाच प्रवेश देणाऱ्या जाळ्यात असे टर्मिनल अडते.

टर्मिनल एका जागी नसते, हे खरे अवघड प्रकरण. चालताना कोणता ॲक्सेस पॉइंट केव्हा सोडायचा हे टर्मिनलच ठरवते, आणि पुष्कळदा ते दूर गेलेल्या, क्षीण संदेशाच्या पॉइंटला चिकटून राहते. बदल करताना पुन्हा पूर्ण ओळखतपासणी झाली तर जोडणी क्षणभर तुटते. कामगार तोच बारकोड पुन्हा वाचतो आणि नोंद दुहेरी पडते किंवा हरवते. पुढे साठ्यातील तफावतीचा जाब त्यालाच विचारला जातो. २००८ चे ८०२.११आर मानक हा बदल जलद करते, मात्र दोन्ही बाजूंना ते उपलब्ध असावे लागते.

म्हणून टर्मिनल हातात घेऊन गोदामभर चालत चाचणी घेतात. ती माल भरलेला असताना घ्यावी. धातूचे रॅक लहरी परतवतात आणि पाण्याच्या बाटल्या त्या शोषतात, त्यामुळे रिकाम्या गोदामातील निष्कर्ष टिकत नाहीत.

अनेक टर्मिनले एकदम सज्ज करताना सर्व तरतुदी बारकोडमध्ये छापून तो प्रत्येक यंत्रावर वाचवतात. परवलीचा शब्द कूटलेखनाविना छापलेला असेल, तर असा कागद भिंतीवर चिकटवणे म्हणजे तो शब्दच जाहीर लिहिण्यासारखे होय.