घरांतील केराची विल्हेवाट

गतवर्षीं पावसाळ्याच्या तोंडाशीं आमच्या यवतमाळच्या घरीं एक प्रसंग घडला, आणि त्यावरून हा लेख लिहिण्याचें मनांत आलें. विषय केराचा आहे. तो मासिकाच्या पानांस कितपत शोभेल अशी शंका एखाद्या वाचकभगिनीस आल्यास तिनें आरंभींचे दोन परिच्छेद तरी वाचावे, इतकीच विनंती.

स्वयंपाकघरांत लोणच्याची बरणी फुटली. काचेचे तुकडे घाईघाईनें भाजीच्या देंठांत व खरकट्यांत लोटून डब्यांत टाकले गेले. सकाळीं घंटागाडी आली आणि क्षणभरानें दारांत आरडाओरड ऐकूं आली. गाडीवरची बाई ओला केर हातानेंच निवडीत होती. तिचा तळवा अंगठ्यापासून मनगटापर्यंत चिरला गेला होता. आम्ही हळद घेऊन धांवलों. सूनबाईंनीं पट्टी बांधली. चिरंजीवांनीं तिला दवाखान्यांत नेलें. पांच टांके पडले. जातांना ती एवढेंच म्हणाली, "गुरुजी, काच येगळी ठेवत जा जी. आमाले दिसत नाही." छत्तीस वर्षें आम्हीं मुलांस संधि सोडविण्यास शिकविलें, आणि घरचा केर सोडविण्याचें काम मात्र दुसऱ्याच्या उघड्या हातांवर सोंपविलें!

आमच्यासारख्या घरांतून शुचिर्भूतपणाचा बडिवार मोठा. खरकट्या हातानें कशास शिवावयाचें नाहीं, ओट्यावर शिताचा कण राहूं द्यावयाचा नाहीं. परंतु हें सारें सोवळें उंबरठ्यापाशीं संपतें. उंबरठ्याबाहेर केर पडला कीं त्याचा व आपला संबंध तुटला, अशी आपली समजूत. खरें पाहतां केर म्हणून निराळी वस्तु जगांत नाहींच. मिसळल्यानें ती होते. देंठ, साली, निर्माल्य एका बाजूस ठेवलें तर त्याचें खत होतें. कोरडा कागद रद्दीवाला पैसे मोजून नेतो. आणि तींच दोन एका डब्यांत कालविलीं म्हणजे दोहोंचाही नाश होतो.

ओल्या केराचें काय करावें हें शिकण्यास आपणां यवतमाळकरांस दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यांतील पुसद येथील गांधीवादी कार्यकर्ते ना. दे. पांढरीपांडे यांनीं खताची एक रीत बसविली. त्यांच्या नांवाच्या अक्षरांवरूनच ती 'नाडेप' म्हणून सर्व हिंदुस्थानभर ओळखली जाते. विटांचें टांकें, सुमारें दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच. भिंतींस वारा खेळावा म्हणून जागोजाग भोंकें ठेवलेलीं. आंत काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाल्याचा सडा, त्यावर चाळलेली कोरडी माती, अशा क्रमानें टांकें तोंडापर्यंत, किंबहुना त्याहून थोडें वर भरावयाचें आणि शेणमातीनें लिंपून टाकावयाचें. पंधरा-वीस दिवसांत माल आठ-नऊ इंच खालीं बसतो. मग पुन्हां भरून पुन्हां लिंपावें. ओल राखावी, भेगा बुजवाव्या. तीन-चार महिन्यांत सुमारें तीन टन खत निघतें, आणि तें करावयास शेण लागतें अवघें शंभर किलोच्या आंतबाहेर. ज्या प्रांतांत शेणाच्या गोवऱ्या चुलींत आणि पऱ्हाटी धुऱ्यावर जाळली जाते, तेथें ह्या हिशेबाचें मोल मोठें आहे.

ह्या रीतींत एक अट आहे: मातींत व काडीकचऱ्यांत काच, खडे, प्लास्टिक असतां कामा नये. सारी विद्या त्या अटींत आली, आणि ती अट टांक्यापाशीं पाळतां येत नाहीं. ती स्वयंपाकघरांतच पाळावी लागते.

शहरांतल्या वाड्यांत एवढें मोठें टांकें कोण बांधणार? आम्हीं परसांत विटांचाच एक लहान हौद केला आहे. प्रथम घरांत कुरकुर झाली. निर्माल्य खरकट्याबरोबर पडणार, हें आमच्या थोरल्या वहिनींस रुचेना. शेवटीं निर्माल्यासाठीं तुळशीमागें वेगळा खड्डा दिला, तेव्हां तंटा मिटला. (एकत्र कुटुंबांत सुधारणा अशाच खड्ड्याखड्ड्यांनीं होतात.) वास येईल हें भय मात्र खोटें ठरलें. ओल्या केरावर दर वेळीं मूठभर माती वा सुका पाला पसरला कीं वास येत नाहीं.

सुका माल गोळा करणाऱ्या केंद्रांत वा भंगारवाल्याकडे द्यावयाचा, तो कोरडा व धुतलेला असावा. दुधाची पिशवी विसळून वाळविण्यास अर्धें मिनिट लागतें. न विसळल्यास ती शेजारच्या सर्व रद्दीस नासवते. चकाकत्या वेष्टनांतील खाऊचें मात्र सांगण्याजोगें कांहीं नाहीं. त्यांत प्लास्टिक व धातूचा पत्रा असा एकजीव झालेला असतो कीं भंगारवालाही तें घेत नाहीं. तें घरांत कमी आणावें, एवढाच उपाय.

औषधें, विजेऱ्या, पाऱ्याचे तापमापक व नळीचे दिवे ह्यांचा डबा निराळाच हवा. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनीं घरोघर तीन वाटे सांगितले, त्यांत हा घातक केराचा तिसरा होता. स्त्रियांच्या मासिक वापरांतील वस्तूही वेगळ्या कागदांत गुंडाळून द्याव्या, असें त्याच नियमांत होतें. येथें संकोच करून चालणार नाहीं, कारण त्या उघड्या हातांनीं उचलणारीही बाईच असते. ज्यांची शेती आहे त्यांस आणखी एक सांगणें. २०१७ च्या हंगामांत आपल्या जिल्ह्यांत कीटकनाशकाच्या फवारणीनें वीसाहून अधिक माणसें दगावलीं, हें कोणी विसरलेलें नसेल. अशा औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी घरांत पाण्यास वा तेलास घेऊं नये, आणि साध्या भंगारांतही मिसळूं नये.

पुण्यास १९९३ सालीं कचरा वेंचणाऱ्यांनीं संघटना उभारली, तिचें नांवच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. तिच्यांतूनच पुढें घरोघर केर गोळा करणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. आपण ज्यास एका शब्दांत केर म्हणतों, त्याचे तीन जिन्नस त्या लोकांनीं आपल्या नांवांतच निवडून ठेवले आहेत.

बाई तीन आठवड्यांनीं कामावर परत आली. आमच्या ओट्याखालीं आतां काचेसाठीं पत्र्याचा एक जुना डबा असतो. भरला म्हणजे तो आम्ही स्वतः गाडीपाशीं नेऊन तिच्या हातीं देतों. प्रथम त्यावर खडूनें 'काच' असें लिहिलें होतें. तिला अक्षरओळख नाहीं असें कळल्यावर नातवानें तें पुसून तेथें फुटक्या बरणीचें चित्र काढलें.