लहान पाऊल आणि थंडीचा जोडा

उत्तरेकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना थंडी म्हणजे काय, हे सांगावयास नको. गोव्याहून वा कोकणातून आलेल्या पाहुण्यास ग्वाल्हेरची पौषातली पहाट एकाच दिवसात सारे शिकविते. स्वेटर, शाल, कानटोपी, रजई यांची तरतूद घरोघरी वेळेवर होते. पायांची आठवण मात्र अखेरीस होते. आणि ज्यांचे पाऊल अगदीच लहान, त्यांच्या वाट्याला तर ती आठवण होऊनही जोडा येत नाही. आज आम्ही अशाच व्यक्तींविषयी, विशेषतः भगिनींविषयी, चार शब्द लिहीत आहोत.

आमच्या परिचयाच्या एक शिक्षिका लष्कर भागात राहतात. वय पन्नाशीच्या घरातले, पाऊल जेमतेम 20 सेंटिमीटर. दर हिवाळ्यात त्या बंद जोडा घ्यावयास जातात आणि दुकानदार अदबीने सांगतो, "बहनजी, बच्चों में देख लीजिए." त्याच्या मनात वावगे काही नसते. पण तेथे मिळतात ते गुलाबी फितीचे, मांजरीच्या चित्राचे, नाहीतर पाऊल टाकताच टाचेत दिवे लुकलुकणारे बूट. असे बूट घालून वर्गात फळ्यासमोर उभे कसे राहावे? शेवटी बाईंनी मोठ्या मापाचा जोडा घेतला, पुढे कापूस कोंबला आणि एका सकाळी जिन्यावर टाच निसटून त्या पडल्या. मनगट महिनाभर पट्टीत राहिले. हौसेची वाटणारी ही गोष्ट हाडापर्यंत कशी पोहोचते, ते यावरून कळेल.

फ्रेंच लेखक पेरो याने 1697 साली प्रसिद्ध केलेली सिंड्रेलाची कथा आपल्या मुलांना ठाऊक आहे. तिचे इवलेसे पाऊल तिचे भाग्य ठरले. पण त्या कथेत जोडा हाताशी होता, पाय शोधावयाचा होता. येथे पाय हजर आहे, जोडाच सापडत नाही!

असे का व्हावे? जोडा पायावर बेतला जात नाही. तो फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर चढवितात. प्रत्येक मापास निराळा फर्मा, चामडे कापण्याचा निराळा साचा आणि ओतीव तळ असल्यास त्याचाही निराळा साचा लागतो. गिऱ्हाईक थोडे असले की कारखानदार ते माप गाळतो. म्हणून प्रौढ स्त्रियांचे जोडे बहुधा इंग्रजी 3 किंवा 4 क्रमांकापासून सुरू होतात. दोष दुकानदाराचा नाही, हिशेबाचा आहे.

क्रमांकाचे गूढही उकलून घ्यावे. इंग्रजी पद्धतीत एकेक क्रमांक इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. मुलांची मोजणी 4 इंचांवर शून्यापासून सुरू होऊन 13 पर्यंत जाते व पुढे प्रौढांची पुन्हा 1 पासून लागते. म्हणजे मुलांचा 13 आणि मोठ्यांचा 1 हे सख्खे शेजारी होत. उपरोक्त बाईंचा पाय याच उंबरठ्यावर आहे. युरोपीय पद्धतीत एक क्रमांक सेंटिमीटरच्या दोन तृतीयांशाइतका असतो. 33 क्रमांक म्हणजे 22 सेंटिमीटरचा फर्मा. तो पायापेक्षा थोडा लांबच असावा लागतो.

आपल्या देशातील पाय परदेशी मापांत नीट बसत नाहीत, हे आता तपासून पाहिले गेले आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात 79 ठिकाणी लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीय पाय पाश्चात्त्यांहून रुंद असल्याचे त्यात आढळले. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापनपद्धती सुचविली गेल्याचे वृत्त 2024 साली प्रसिद्ध झाले. लांबी थोडी व चवडा रुंद, असा पाय असल्यास नुसता लांबीचा क्रमांक पाहून भागत नाही.

तेव्हा करावे काय? संध्याकाळी, पाय किंचित फुगलेला असताना, कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची आकृती काढावी व लांबी-रुंदी मोजावी. मोठे ठरेल ते पाऊल प्रमाण मानावे. दुकानात लोकरी मोजे घालूनच जोडा चढवावा. बोटांपुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा असावी व बोटे मोकळी हलावीत. घट्ट जोड्यात रक्ताभिसरण अडून पाय अधिकच गारठतो. बोटे लाल होऊन सुजतात, खाजतात, असा त्रास असणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावे. सैल जोड्यात टाच उचलते व पाय घसरतो. पूर्ण लांबीचा नमद्याचा तळवा आत घातल्यास थोडासा सैलपणा निभावतो. दोन क्रमांकांची तूट मात्र कापसाने भरून निघत नाही.

मुलांच्या विभागात जावयाचे झाल्यास शाळेचे साधे काळे बूट पाहावेत. मुलग्यांचे बूट पुष्कळदा रुंदीला बरे पडतात. बंदाचा वा पट्ट्याचा बूट पाय धरून ठेवतो. पण मुलाच्या वजनाकरिता केलेला तळ प्रौढाखाली लवकर झिजतो, हे ध्यानी ठेवून तो वेळीच बदलावा.

सर्वांत उत्तम उपाय जुनाच आहे: मापाचा जोडा करवून घेणे. आग्रा हे जोड्यांचे मोठे केंद्र ग्वाल्हेरपासून फार दूर नाही, आणि गावोगावी अजून हाताने जोडा शिवणारे कारागीर आहेत. त्याला कागदावरची आकृती द्यावी, चवड्याचा घेर सांगावा. मजुरी अधिक पडेल, पण तळ बदलीत तो जोडा अनेक हिवाळे काढील. शिवाय त्या कारागिराच्या हातालाही काम मिळेल.

घरच्या मंडळींना एकच विनंती. आई, मावशी वा आत्या यांच्या इवल्या पावलांची थट्टा प्रेमाने का होईना, आपण करतो आणि त्या हसून गप्प बसतात. यंदा थट्टेऐवजी एक कागद व पेन्सिल घ्यावी, त्यांना त्यावर उभे करावे आणि माप घेऊन बाजाराची वाट धरावी.