चूक आणि चरित्रचित्रण

मराठीतील ‘चुकणे’ या क्रियापदाचा एक विशेष व्याकरणकारांना परिचित आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्ता सामान्यतः तृतीया विभक्तीत येतो. ‘त्याने वाट शोधली’. जुन्नर तालुक्यातील मढच्या बाजूने हरिश्चंद्रगडाकडे निघालेला वाटसरू खिरेश्वराच्या पुढे टोलारखिंडीच्या रोखाने जाण्याऐवजी भलतीकडे वळला, तर मात्र ‘त्याने वाट चुकली’ असे कोणी म्हणत नाही. ‘तो वाट चुकला’ असेच म्हणतात. कर्म असूनही कर्ता प्रथमेत राहतो आणि क्रियापद त्याच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते. शिकणे व विसरणे ही क्रियापदे याच वर्गातील होत. ‘चूक केली’ असे म्हटले की चूक कर्त्यापासून निराळी अशी एक वस्तू होते, तिचा हिशेब मांडता येतो. ‘चुकला’ असे म्हटले की ती सर्वस्वी त्या माणसाची अवस्था ठरते. कल्पित पात्रांच्या चुकांचा विचार करताना हा भेद उपयोगी पडतो, कारण आपली टीका बहुधा पहिल्या प्रकारच्या चुकांचीच मोजदाद करीत आली आहे.

अॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या नायकासंबंधी योजिलेला ‘हॅमार्शिया’ हा शब्द नेम चुकणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला आहे. त्याचा ‘स्वभावदोष’ असा अर्थ रूढ झाल्याने बराच घोटाळा झाला. दोष हा माणसाच्या ठिकाणी आधीपासून वसत असतो. नेम मात्र एका विशिष्ट क्षणी, विशिष्ट लक्ष्यावर धरलेला असतानाच चुकतो. ज्याने लक्ष्यच धरले नाही त्याचा नेम चुकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

या दृष्टीने राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ पुन्हा पाहण्यासारखे आहे. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून त्याची ख्याती झाली, आणि वर्गात आजही सुधाकराची चूक कोणती या प्रश्नाला ‘पहिला प्याला घेणे’ असे ठराविक उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नाही, पण त्यात सुधाकर कोठेच नाही. तो प्याला कोणीही घेतला असता. वस्तुतः सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील आहे. वकिलीची सनद काही काळासाठी जाते तेव्हा त्याला झोंबते ती द्रव्यहानी नव्हे, अपमान. तळीरामाने पुढे केलेला प्याला तो त्या अपमानाच्या विसरासाठी घेतो. पुढे तो व्यसन सोडतोही, आणि तेही याच अभिमानाच्या बळावर. परंतु नोकरीसाठी जुन्या परिचितांच्या दारी गेल्यावर अवहेलना वाट्यास येताच तोच अभिमान त्याला पुन्हा प्याल्याकडे लोटतो. ज्या गुणाने तो मोठा झाला त्याच गुणाने तो चुकला. त्याच्या स्वभावातून ही चूक वगळावयाची तर सुधाकरालाच वगळावे लागेल. नाटकाचा बोध एका वाक्यात सांगता येतो. सुधाकर मात्र त्या वाक्यात मावत नाही.

याच्या उलट सिंधू. गडकऱ्यांनी तिला चुकण्याची मुभाच ठेवली नाही. दळण दळून संसार रेटणारी, पतीविषयी अवाक्षर न काढणारी ही नायिका बालगंधर्वांच्या गळ्याने अजरामर झाली. संहितेच्या पानावर मात्र ती बराच काळ मूर्तीसारखी निश्चल भासते. तिच्यात माणूस हलतो तो अखेरीस, पतीला वाचविण्यासाठी ती मरणसमयी असत्य बोलते तेव्हा. निष्कलंक पात्राची ही एकुलती विसंगती तिच्या सर्व सद्गुणांपेक्षा अधिक बोलकी आहे.

वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’मधील (१९७०) गणपतराव बेलवलकरांची तुलना लिअर राजाशी नेहमीच केली जाते, पण दोघांच्या चुका एकजातीच्या नाहीत. लिअर राज्य वाटताना प्रेमाची जाहीर कबुली मागतो आणि खरे बोलणाऱ्या मुलीला हाकलून देतो. ती राजाची चूक होय. बेलवलकर काहीच मागत नाहीत. पत्नी कावेरीचा व्यवहारी इशारा कानाआड करून, रंगभूमीचा निरोप घेतलेला हा नट आपले सर्वस्व मुलांना असे देऊन टाकतो, की जणू देणे हाही एक प्रवेशच आहे. टाळ्यांनंतर पडदा पडेल हे त्याने गृहीत धरलेले असते. घरातला पडदा पडत नाही.

जीवनातील चुकीला असा आकार आपोआप येत नाही. तेथे कारण आणि परिणाम यांच्यामध्ये वर्षे लोटतात, आणि शेकडो असंबद्ध गोष्टी दाटीने येतात. तो आकार कथनातून कसा येतो हे साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वरून दिसते. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक मातृमहिम्याचे म्हणून वाचले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि त्यातील अनेक रात्री उभ्या आहेत त्या मुलाच्या चुकांवर. पोहण्याच्या भीतीने लपून बसणारा श्याम आणि ती हकीकत मित्रांना सांगणारा मोठा श्याम असे दोघे तेथे एकाच वेळी हजर असतात. मार खाताना मुलाला आईचा केवळ कठोरपणा दिसतो. सांगणाऱ्याला त्या कठोरपणामागचे तिचे रडणेही दिसते. चूक घडली तेव्हा जे कळणे शक्य नव्हते तेच येथे कथेचा विषय झाले आहे. या पुस्तकावर भावविवशतेचा आक्षेप घेणाऱ्यांनी हे दोन श्याम वेगळे करून वाचलेले दिसत नाहीत.

पुस्तकाच्या अखेरीस श्याम घरी पोहोचतो तेव्हा आई गेलेली असते. येथे श्यामने काहीही ‘केलेले’ नाही. मराठीत अशा वेळी भेट चुकली असे म्हणतात.