अप्पर नव्हताच, तरी डोळे दिपले

गणपतीला कोकणात निघालेल्या गाडीची डिकी डोळ्यांसमोर आणा. कपड्यांच्या बॅगा, मखराचं सामान, किराण्याच्या पिशव्या, शिवाय मागच्या सीटवर तिघं. चालक रात्रभर डिपरवरच गाडी चालवतोय, तरी समोरून येणारा जो तो त्याला अप्पर-डिपर मारून खुणावतोय. 'यांना झालंय तरी काय?' असं म्हणत तो पुढे जातो. रस्त्यावरच्या या लखलखाटाबद्दल असे बरेच समज घट्ट बसले आहेत.

गैरसमज १ : डिपरवर गाडी असली की कुणाचे डोळे दिपत नाहीत.

वस्तुस्थिती : डिपरचा झोत साधारण दर १०० मीटरला एक मीटर खाली उतरेल असा लावलेला असतो. उतार इतका कमी, की गाडी जराशी कलली तरी गणित फिसकटतं. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेल्या गाडीचा मागचा भाग ओझ्यानं साडेचार सेंटिमीटर दबला, तर तोच झोत १०० मीटरला साधारण पाऊण मीटर वर चढू लागतो, म्हणजे थेट समोरच्याच्या चेहऱ्यावर. यासाठीच अनेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते. गाडी भरली की आकडा वाढवायचा, झोत खाली येतो. कित्येक मालकांनी ती चकती वर्षानुवर्षं फिरवलेलीच नसते.

कायद्यालाही उंचीचं भान आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना दिवा दिपवता कामा नये.

गैरसमज २ : एलईडी जास्त वॉटचा असतो, म्हणून डोळ्यांत घुसतो.

वस्तुस्थिती : वॉट म्हणजे खर्च होणारी वीज. एच-४ हॅलोजन बल्बची डिपरची तार ५५ वॉट खाऊन सुमारे १००० ल्युमेन प्रकाश देते. तेवढाच प्रकाश एलईडी निम्म्याहून कमी विजेत देऊ शकतो. खुपतात त्या दोन वेगळ्याच गोष्टी. पहिली आकाराची : तेवढाच प्रकाश चिमुकल्या भिंगातून आला की तो ठिपका अधिक प्रखर भासतो. दुसरी रंगाची. हॅलोजनचा उजेड ३२०० केल्व्हिनच्या आसपास, पिवळसर. एलईडीचा बहुधा ५००० च्या पुढे, निळसर पांढरा. मोजमाप सारखं असलं तरी निळसर प्रकाश डोळ्यांना जास्त त्रास देतो.

गैरसमज ३ : हॅलोजन काढून एलईडी बल्ब बसवला की काम झालं.

वस्तुस्थिती : एच-४ बल्ब हातात घेऊन पाहिला तर डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी दिसते. तारेचा प्रकाश आरशाच्या फक्त वरच्या भागावर पडावा आणि तिथून रस्त्याकडे उतरावा, एवढ्यासाठी ती असते. आरशाचा सगळा घाट त्या बारीक तारेच्या जागेवर बेतलेला. तिथे दोन बाजूंना चिप असलेला बल्ब खोचला आणि चिपची जागा जराशी जरी चुकली, तर प्रकाश सैरावैरा फाकतो. चालकाला गाडीपुढचा रस्ता लख्ख दिसतो, म्हणून तो खूश. दूरचा रस्ता मात्र सुधारलेला असतोच असं नाही.

गैरसमज ४ : पिवळा रंग हाच उपाय.

वस्तुस्थिती : फ्रान्सनं हा प्रयोग दीर्घकाळ केला. १९३६ च्या कायद्यानं तिथे पिवळे हेडलाइट आले आणि १९९३ मध्ये ती सक्ती संपली. पिवळी काच प्रकाशाचा काही भाग गाळते, त्यामुळे दिपणं थोडं घटतं खरं, पण दिसणंही घटतं. 'नाइट ड्रायव्हिंग'चे म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे बोस्टनच्या शेपेन्स नेत्रसंशोधन संस्थेनं सिम्युलेटरवर तपासले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, हे चष्मे लावून रस्त्यावरचा पादचारी अधिक चांगला दिसल्याचं आढळलं नाही. धुक्यातही पिवळ्याची जादू चालत नाही. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. फॉगलॅम्प उपयोगी पडतो तो खाली बसवलेला आणि रुंद पसरणारा असल्यामुळे.

गैरसमज ५ : समोरच्यानं अप्पर लावला तर आपणही लावावा, म्हणजे त्याला कळेल.

वस्तुस्थिती : ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर जाते. जशास तसं करताना तेवढं अंतर दोघंही आंधळेपणानं कापतात. नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे वळवून वेग कमी करणं बरं.

गैरसमज ६ : दुभाजकातली कण्हेर शोभेसाठी असते.

वस्तुस्थिती : शोभा आहेच, पण ती दाट झुडपं समोरच्या मार्गिकेचा झोत अडवतात. कण्हेर विषारी असल्यानं गुरं तिला तोंड लावत नाहीत. दुभाजक नसलेल्या घाटरस्त्यावर हा पडदा नसतो.

तिथे भिस्त स्वतःच्या दिव्यांवरच, आणि ते तपासायला गॅरेजच लागतं असं नाही. सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटरवर रिकामी गाडी उभी करायची. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूनं रेघ मारायची आणि डिपर लावायचा. उजेडाची वरची कड रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली दिसायला हवी. मग डिकी भरून, घरच्यांना आत बसवून पुन्हा पाहायचं. कड रेघेच्या वर सरकलेली दिसली, की चकती फिरवायची.