पेप्टाइड कार्यद्रव्ये, संश्लेषित

प्रथिन कायनेज या एंझाइमांची क्रियाशीलता मोजण्यासाठी प्रयोगशाळेत तयार केलेल्या, ॲमिनो अम्लांच्या आखूड साखळ्या. ज्या पदार्थावर एंझाइमाची विक्रिया होते, त्याला त्या एंझाइमाचे कार्यद्रव्य म्हणतात. प्रथिन कायनेजे ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेटाच्या (एटीपीच्या) टोकाचा फॉस्फेट गट प्रथिनातील सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या ॲमिनो अम्लावर बसवितात. त्यामुळे त्या प्रथिनाचे कार्य सुरू होते, थांबते वा बदलते. प्रतिरक्षा कोशिकांत (रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींत) प्रतिजनाची ओळख पटल्याचा संदेश पृष्ठभागापासून केंद्रकापर्यंत पोहोचविण्यात या एंझाइमांचा मोठा वाटा असतो.

इतिहास : फॉस्फेट गटामुळे स्नायूंतील फॉस्फोरिलेज हे एंझाइम क्रियाशील होते, हे ई. एच. फिशर व ई. जी. क्रेब्ज यांनी १९५५ मध्ये दाखविले. या कार्यासाठी त्यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रारंभी मापनासाठी केसीन, हिस्टोन यांसारखी संपूर्ण प्रथिने वापरीत. परंतु त्यांत फॉस्फेट बसण्याच्या जागा अनेक असल्याने निष्कर्ष संदिग्ध राहत. आर. बी. मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या घनाधार संश्लेषण पद्धतीमुळे हवी ती पेप्टाइडे बनविणे सुलभ झाले. बी. ई. केंप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये वर्णिलेल्या ‘केंपटाइड’ या पेप्टाइडात ल्यूसीन–आर्जिनीन–आर्जिनीन–ॲलॅनीन–सेरीन–ल्यूसीन–ग्लायसीन असा क्रम आहे. प्रथिन कायनेज-ए हे एंझाइम त्यातील सेरिनावर फॉस्फेट बसविते. सेरिनाआधीची आर्जिनिने बदलल्यास ही विक्रिया फार मंदावते. म्हणजेच शेजारच्या क्रमावरून एंझाइम आपली जागा ओळखते.

मापन : कोशिका थंड विद्रावात फोडतात व बसलेले फॉस्फेट काढून टाकणारी एंझाइमे फ्ल्युओराइड, व्हॅनॅडेट यांसारख्या निरोधकांनी थोपवितात. अर्कात पेप्टाइड, मॅग्नेशियमाचे लवण व फॉस्फरस–३२ (अर्धायुष्य सु. १४·३ दिवस) हा किरणोत्सर्गी समस्थानिक असलेले एटीपी मिसळतात. काही मिनिटांनी मिश्रणाचा थेंब फॉस्फोसेल्युलोज कागदावर टाकतात. आर्जिनिनाच्या धन विद्युत् भारामुळे पेप्टाइड कागदास चिकटते. उरलेले एटीपी विरल फॉस्फोरिक अम्लाने धुऊन जाते. कागदावरील किरणोत्सर्ग मोजून ठराविक वेळात किती फॉस्फेट बसले ते काढतात. किरणोत्सर्ग टाळण्यासाठी प्रतिपिंडांवर किंवा प्रकाशनिर्मितीवर आधारलेल्या पद्धतीही वापरतात.

अर्थ व मर्यादा : मिळालेला आकडा कोणत्या एंझाइमाचा, हे पेप्टाइडावरून आपोआप ठरत नाही, कारण एकच पेप्टाइड अनेक कायनेजांना चालू शकते. ग्लुटामिक अम्ल व टायरोसीन यांचे ४ : १ प्रमाणातील बहुवारिक तर बहुतेक टायरोसीन कायनेजे स्वीकारतात. त्यामुळे टी-कोशिकांच्या अर्कात ते वापरल्यास एलसीके व झॅप-७० या दोन एंझाइमांचा वाटा वेगळा करता येत नाही. यासाठी हवे ते एंझाइम प्रथम प्रतिपिंडाने पकडून अर्कातून अलग करतात. त्याला दुसरे कायनेज चिकटून आलेले असू शकते. म्हणून विशिष्ट निरोधक घालून व न घालून मापन करतात आणि फरक तेवढाच ग्राह्य धरतात. शिवाय कोशिका फोडल्यावर एंझाइमाचे तिच्यातील स्थान नष्ट होते. तेव्हा हे मापन जिवंत कोशिकेतील घडामोडीचे अप्रत्यक्ष निदर्शक असते.

उपयोग : ओ. सी. ब्रूटन यांनी १९५२ मध्ये वर्णिलेल्या आनुवंशिक रोगात मुलग्यांच्या शरीरात प्रतिपिंडे जवळजवळ तयार होत नाहीत व त्यांना वारंवार जंतुसंसर्ग होतो. या रोगाचे कारण बीटीके या कायनेजातील दोष असल्याचे १९९३ मध्ये आढळले. काही रुग्णांत हे प्रथिन असते, पण उत्प्रेरक भागातील एक ॲमिनो अम्ल बदलल्यामुळे ते निष्क्रिय असते. केवळ प्रथिनाचे प्रमाण मोजल्यास असा दोष लपून राहतो. क्रियाशीलता मोजल्यास तो उघड होतो. याउलट, बी-कोशिकांच्या काही कर्करोगांत हेच एंझाइम रोखणे हितावह ठरते. त्यासाठीच्या इब्रुटिनिब या औषधास अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. अशी निरोधक औषधे शोधताना त्यांची परिणामकारकता पारखण्यासाठीही संश्लेषित पेप्टाइडे वापरली जातात.